झाकणावरचं पांढरं कडं

मी, कय्यूम खान वल्द गफूर खान, वय अंदाजे बासष्ट, धंदा लाकडाला पॉलिश करणे, राहणार घुटकाळा, चांदा, आज पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र सांगतो आणि अर्जनवीस पत्रूजी ते लिहून घेतात. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. नशापाणी केलेलं नाही. चाळीस वर्षं स्पिरिटाचा वास घेतला, पण घोट एकही घेतला नाही, हे सारं चांदा जाणतं. छाती मात्र त्या वासानं गेली. डॉक्टर माझ्याशी गोड बोलला आणि माझ्या भावाला बाहेर नेऊन बोलला, तेव्हाच मी काय ते समजलो.

कलम १. माझे वारस दोन. मुलगी नजमा, हल्ली वरोऱ्याला सासरी, आणि धाकटा भाऊ अयूब. बायको खैरुन चार वर्षांमागे गेली. घर आणि परसातली विहीर शरियतप्रमाणे दोघांत जावी. त्यात मी बोट घालत नाही.

कलम २. धंद्याचं सामान, म्हणजे चपडी लाख स्पिरिटात भिजवायच्या चिनी मातीच्या बरण्या, गाळणी, मलमलचे तागे आणि लाकडी पेटी, खुशाल वल्द डोमा, राहणार पोंभुर्णा, यास द्यावं. तो माझ्या रक्ताचा नाही, धर्माचा नाही. पण वीस वर्षं माझ्या बाजूला उभं राहून त्यानं हात चालवला. कोणत्या पळसाची लाख चांगली, हे त्याच्याइतकं मलाही कळत नाही.

कलम ३. झिंगू मिस्त्री यास माझ्याकडचा वार्निशचा अर्धा डबा द्यावा. तोही पॉलिशच करतो, पण ब्रशनं थापून; त्याच्या कामाला तेच शोभतं. तो नाक्यावर उभा राहून सांगतो, "उस्तादाच्याच घरी डाग हाये, अन् उस्तादाले काढता येत नाई." नऊ वर्षं ऐकून घेतलं. त्याचं उत्तर पुढं कलम सहात आहे, ते अयूबनं त्याला वाचून दाखवावं. पत्रूजी म्हणतात, असलं कायद्यात बसत नाही. बसवा म्हटलं.

कलम ४. आता पियानो. हा जंगल खात्याच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावरचा. दर साल पावसाळा सरला की त्याला चकाकी आणायला मला बोलावणं यायचं. सत्तेचाळीसात साहेब निघाला तेव्हा मडम म्हणाली, हा बोटीवर जाणार नाही, आणि तुझ्याइतकं जपून दुसरं कोणी याला हात लावत नाही. दोन बैलबंड्या जोडून आणला. मोहल्ला हसला. अयूब म्हणाला, "भाऊ, हत्ती तरी बरा होता, जंगलात चारून आनता आला असता."

मला वाजवता येत नाही. खैरुनलाही येत नव्हतं. पण जेवण तयार झालं की ती येऊन उजव्या कडेची एकच पट्टी दाबायची. मी परसात काम करत असलो तरी मला ऐकू यायची, की मी हात धुवायला उठायचो. चार वर्षं झाली, ती पट्टी कोणी दाबली नाही. अयूबची बायको ताट आणून ठेवते आणि हाक मारते. जेवण चांगलं असतं. पण अजूनही दुपारी माझा कान तिकडेच असतो, हे लिहून ठेवायला मला लाज नाही.

कलम ५. ज्याच्या ताब्यात पियानो जाईल त्यानं तो असा राखावा.

इथली धूळ साधी नाही, तिच्यात खाणीचा कोळसा असतो. कोरड्या फडक्यानं घासली तर काळ्या पॉलिशवर ओरखडे उठतात. आधी मऊ पिसाऱ्यानं धूळ उडवावी. मग फडकं भिजवून, दोन वेळा पिळून, लाकडाच्या रेषेनं एकाच दिशेला फिरवावं, आणि लगेच कोरड्या फडक्यानं टिपावं. गोल गोल फिरवू नये, तो काय तवा नाही. खोबरेल लावू नये. आज चमकतं, उद्या धूळ धरतं. उन्हात ठेवू नये. चारी पाय रॉकेलच्या वाट्यांत असू द्यावेत, नाहीतर वाळवी लागते. फडकं खैरुनच्या जुन्या ओढणीचं घ्यावं. धुऊन धुऊन ते इतकं मऊ झालं आहे की बाजारात तसं मिळत नाही. तीन तुकडे पेटीत आहेत. चौथा मी माझ्यासोबत नेणार, तो शोधू नये.

झाकणावर दिवा, पेला, गरम भांडं, काही ठेवू नये, असं मी सगळ्यांना सांगत आलो. त्याबद्दल पुढे.

कलम ६. झाकणाच्या डाव्या अंगाला एक पांढरं कडं उठलेलं आहे. ते पाण्याच्या पेल्याचं आहे. पॉलिशवर पाणी राहिलं की ते जागा पांढरी करतं. असं कडं काढायला मला अर्धा तासही लागत नाही. कापसाची पोटली, तिला स्पिरिटाचा नुसता वास लागेल इतका ओलावा, आणि झरझर सात-आठ हात. ही अशी कडी मी लोकांच्या घरी कितीतरी काढली. झिंगूनं ऐकावं. हे मी काढलं नाही, कारण मला ते काढायचं नव्हतं.

अठ्ठेचाळीसचा उन्हाळा होता. नजमा माहेरी आली होती आणि तिचा सासरा व नवरा तिला न्यायला आले होते. मी आदल्या आठवड्यात झाकणाला नवं पॉलिश दिलं होतं, ते अजून कच्चं होतं. दुपारी नमाज करून घरात आलो तर झाकणावर पितळेचा पेला, काठोकाठ भरलेला, खाली पाणी ओघळलेलं. मी पेला उचलून भिंतीवर आपटला आणि पाहुण्यांसमोर पोरीला म्हणालो, हात तुटले का तुझे, कोणी शिकवलं की नाही तुला. तिचा सासरा खाली पाहत होता.

नजमा रडली नाही. म्हणाली, "तुमच्यासाठीच आणलं होतं, अब्बा. आता तुमचं लाकूडच तुमाले पानी पाजीन." त्याच दिवशीच्या गाडीनं गेली.

रात्री खैरुन म्हणाली, "तुमी डाग पाह्यला जी, पानी नाई पाह्यलं." एवढंच. पुन्हा कधी तो विषय तिनं काढला नाही. दुसऱ्या दिवशी मी पोटली घेऊन कडं काढायला उभा राहिलो आणि हात चालेना. माझ्या घरात माझ्या पोरीनं माझ्यासाठी ठेवलेली ती शेवटची वस्तू होती, आणि तिची एवढीच खूण उरली होती. मग मी त्या कड्याच्या भोवतीनं पुसायला लागलो. आजही तसंच पुसतो.

खैरुनच्या मातीला नजमा आली. बायकांत बसली. अयूबच्या बायकोनं पाणी पुढं केलं, तिनं मान हलवली. पोरीनं माझ्या घरचं पाणी घेतलं नाही. मी दाराआडून पाहत होतो.

त्यानंतर एकदा वरोऱ्याला एका दुकानाची फडताळं पॉलिश करायला गेलो होतो. तिच्या घरावरून दोनदा गेलो. ओट्यावर ती एका पोराचं तोंड पुसत होती. माझा नातू असणार. मी हाक मारली नाही. खुशाल माझ्यासोबत होता, म्हणाला, "उस्ताद, काऊन थांबले? जा ना." मी त्याच्यावरच खेकसलो. वरोऱ्याला जायला गाडीत बसलं की विडी-पान होईस्तोवर पोचतो माणूस. नऊ वर्षं मला ते अंतर कापता आलं नाही.

आता तरी बोलाव, असं अयूब म्हणतो. बोलावलं आणि ती आली नाही, तर मला मरणंही जड जाईल. मेल्यावर बोलावलं की माणूस येतोच.

कलम ७. सबब पियानो नजमाला द्यावा. वारसाला वाट्याहून जास्त द्यायचं तर दुसऱ्या वारसाची संमती मी गेल्यावर लागते, असं पत्रूजी सांगतात. अयूब, लहानपणापासून मी तुला हुकूमच सोडले. आज पहिल्यांदा मागतो. नाही म्हणू नकोस. कडं काढायचं की ठेवायचं ते नजमानं ठरवावं. काढायचं म्हणाली तर खुशालनं काढावं, आणि हात हलका ठेवावा.

कलम ८. वरचं सगळं वाचून झाल्यावर हे आठवलं, ते पत्रूजींना पुन्हा दौत उघडायला लावून लिहवून घेतो. तो पितळेचा पेला मी टाकून दिला नाही. त्याला पोचा आला आहे आणि तो फडताळात वरच्या फळीवर आहे. नजमा येईल तेव्हा खुशालनं त्याच पेल्यात विहिरीचं पाणी काठोकाठ भरून तिच्या हातात द्यावं. ती पेला जिथं ठेवील तिथं ठेवू द्यावा, झाकणावर ठेवला तरी. कोणी फडकं घेऊन धावू नये.

ती पाणी प्यायली तर खुशालनं माझ्या कबरीशी येऊन मला सांगावं. नाही प्यायली, तरी येऊन सांगावं.

हे मृत्युपत्र मला माझ्या बोलीत दोनदा वाचून दाखवलं. पत्रूजींनी माझे शब्द बदलले नाहीत याची खात्री करून, साक्षीदारांसमोर, माझ्या हातानं सही केली.

ठिकाण : चांदा
दिनांक : ९ मार्च १९५७

सही : कय्यूम खान वल्द गफूर खान

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही झाली :
१. बापूजी वल्द जंगू, पेन्शनर शाळामास्तर, चांदा (सही)
२. इसरू वल्द चैतू, रेल्वे खलाशी, चांदा (डाव्या हाताचा अंगठा)

लिहिणार : पत्रू, अर्जनवीस, कचेरीसमोर, चांदा