पतीच्या नावाचे रद्द केलेले कलम

मी, सौ. म्हाळसा सिद्धू मारकड, वय २९, धंदा नोकरी (शिक्षिका), राहणार जळोची, ता. बारामती, जि. पुणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. पुढच्या आठवड्यात पुण्यात माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. आम्हाला मूल नाही. गेल्या रविवारी लिहिलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी फाडले आहे. का फाडले, हे इथे लिहिणे मला भाग आहे.

१. जळोचीचे दोन खोल्यांचे घर माझ्या पगारातून बांधलेले आणि माझ्या नावावर आहे. माझ्यामागे ते माझे पती सिद्धू गेणू मारकड यांच्या पूर्ण मालकीचे होईल. आधी 'हयातीपुरते' असे लिहिले होते, तो शब्द काढला. लग्नानंतर थोड्याच वर्षांत त्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. त्या बाजूचा हात-पाय लुळा पडला, शब्द तुटक येतात, पण समज कणभरही कमी झालेली नाही. घर ठेवायचे की विकायचे, तेच ठरवतील.

२. शाळेचा फंड आणि बँकेतील शिल्लक त्यांचीच.

३. शिलाई मशीन कन्हेरीची पुतणी योगिनी हिला. तिला विचारले होते. तिला हवे आहे.

४. फाडलेल्या कागदात याच जागी, मशीन आणि म्हैस यांच्यामध्ये, मी लिहिले होते: 'पतीस दीर दादासो यांनी कन्हेरीस न्यावे व सांभाळावे.' दादासो गोठ्याशेजारची खोली द्यायला तयार होते. "खायला घालू की. आनि काय लागतंय त्याला?" असे ते म्हणाले, आणि ह्यांच्या देखत म्हणाले.  मी उलट त्यांचे आभार मानले.

कागद वाचून दाखवला तेव्हा मशीनपर्यंत हे मान हलवत होते. या कलमाला डावा हात वर करून त्यांनी मला थांबवले.

"योगिनीला... इचारलंस," ते म्हणाले. "मला?"

इंदापूरला वडिलांच्या दारात माझे लग्न झाले, तेव्हा मी कन्यादान करू दिले नव्हते. मी दान द्यायची वस्तू नाही, असे मांडवात सांगितले. अख्ख्या वऱ्हाडात एकटे हेच म्हणाले होते, "बरोबर हाय तिचं." साक्षरता वर्गात बायकांना ही हकीकत मी अभिमानाने सांगत आले. आता ती सांगायला मला तोंड नाही.

५. त्यांच्या इच्छेप्रमाणे ते जळोचीतच राहतील. शेजारच्या गोजरबाईंनी मागची खोली वापरावी, दोन वेळचे जेवण आणि आंघोळीला आधार द्यावा. हे त्या दोघांनी समोरासमोर ठरवले. "अळणी म्हणून नाक मुरडायचं न्हाय," ही गोजरबाईंची अट त्यांना मान्य आहे. म्हैस गोजरबाईंना. दादासोंना काही नाही. राग आहे, पण त्यांच्यावर निम्माच.

६. माझी राख नरसिंहपूरच्या संगमात सोडावी. ह्यांना गाडीत पुढे बसवून न्यावे. अडचण होते म्हणून घरी ठेवू नये.

७. हे कलम त्यांनी घालायला लावले. ऑपरेशनातून तू जगलीस, पण माझ्यासारखी होऊन आलीस तर, असे त्यांनी विचारले. सगळ्यांची सोय मी लिहिली होती, या शक्यतेची मात्र नाही. मी म्हटले, "तुम्ही म्हणाल तिथं मला ठेवा."

"न्हाय," ते म्हणाले. "तुला... इचारीन."

असे कलम मृत्युपत्रात चालत नाही, असे साक्षीला आलेले मानसिंगराव सांगतात. तरी ते राहू द्यावे, ही माझी विनंती.

सगळा मजकूर पतीला वाचून दाखवला, त्यांनी होकार दिला, मगच सही करत आहे.

सही: सौ. म्हाळसा सिद्धू मारकड

आमच्या समोर सही केली:
१. मानसिंग बाबूराव देवकाते, जळोची
२. सोपान म्हस्कू पिंगळे, कन्हेरी

ठिकाण: जळोची
तारीख: २१ ऑगस्ट १९९६