सावरपाड्याचा शिक्का

३ फेब्रुवारी १९८८, बुधवार. देवपूर, धुळे.
झाली एकदाची बदली! माडीवरची खोली झकास मिळाली आहे. पूर्वेला खिडकी, खाली मोकळं अंगण. घरमालकीण द्रौपदाबाईंना सगळे अक्का म्हणतात. आल्या आल्या त्यांनी चहा पाठवला. लीला मागाहून येईल, तोवर ती पिंप्राळ्यालाच. मी चार कपडे आणि माझा खजिना तेवढा आणला आहे. नाण्यांचा डबा, तिकिटांचे चार अल्बम आणि पाचवा सगळ्यांत लाडका, खानदेशातल्या गावोगावच्या टपालशिक्क्यांच्या कार्डांचा. तीस वर्षं जमवतोय. लीला त्याला आपली सवत म्हणते. साक्रीकडची पानं अजून रिकामी आहेत, ती आता भरतील.

६ फेब्रुवारी, शनिवार.
कसली भरताहेत! शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांकडे जुनी कार्डं मागून झाली. कुणी तारेला ओवताना नेमकं शिक्क्यालाच भोक पाडलंय, कुणी त्यावर तेलाचं बोट उमटवलंय. आडगावाहून कार्ड येतं ते बहुधा कुणी गेल्याचं, आणि दुःखाचं कार्ड वाचलं की लोक टराटरा फाडतात. म्हणजे मला हवं तेच फाडायचं! डोकं फिरतं अगदी.

९ फेब्रुवारी, मंगळवार.
अक्कांना वाचता येत नाही. आज आलेलं कार्ड त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलं. जांभळी शाई, डावीकडे कललेलं अक्षर. सावरपाड्याला त्यांचा मावसभाऊ लोटन वारला. अक्का रडल्या, मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "फाडी टाक भाऊ. दुखनं कार्ड घरमा ठेवतस नही."

वाचणाऱ्यानेच फाडायचं, अशी रीत. पण सावरपाड्याचा शिक्का! गोल, ठसठशीत, एक अक्षर पुसट नाही. मी पाठ फिरवली आणि खिशातली जुनी लग्नपत्रिका फाडून तिचे तुकडे अंगणाबाहेर टाकले. लाज वाटली, नाही असं नाही. पण अल्बमात ते कार्ड फार शोभतंय.

११ फेब्रुवारी, गुरुवार.
माझ्या नावाने कार्ड आलं. तेच अक्षर, तीच शाई, शिक्का सावरपाड्याचाच. कळविण्यास दुःख होते की, द्रौपदाबाई शनिवारी सकाळी वारल्या. अक्का तर खाली अंगण झाडत होत्या! कुणाचा हा वात्रटपणा? संतापून फाडणारच होतो, तेवढ्यात शिक्क्यावरची तारीख दिसली. १३ फेब्रुवारी. परवाची! चुकीच्या तारखेचा शिक्का लाखात एक सापडतो. तो काय फाडायचा? अल्बमात लावला. अक्कांना काही बोललो नाही.

१३ फेब्रुवारी, शनिवार.
अक्का गेल्या. सकाळी, तुळशीला पाणी घालताना. मी ते फाडलं असतं तर? छे, योगायोग. दिवसभर स्वतःला हेच सांगतोय, आणि पटत नाही म्हणून स्वतःवरच चिडतोय.

१६ फेब्रुवारी, मंगळवार.
लीलाचं पत्र आलं. गुरुवारी सकाळच्या एस.टी.ने येतेय. त्याच टपालात दुसरं कार्ड. जांभळी शाई. वारल्या म्हणून लीलाचं नाव. शिक्क्यावर १८ फेब्रुवारी, म्हणजे गुरुवारच.

तिथल्या तिथे फाडलं. तुकडे बाहेर टाकले. 'येऊ नकोस' अशी तार केली.

१७ फेब्रुवारी, बुधवार.
कार्ड अल्बमात आहे. अखंड. पुन्हा फाडलं — पुन्हा आत.

मग लोटनचं काढलं. सगळं तिथूनच सुरू झालं. माझ्या हातून. त्यावर आता लोटनचं नाव नाही, लीलाचं आहे. फाडलं. ते परत आलं नाही.

पण शेजारच्या कार्डावर लीला. पान उलटलं. लीला. सगळ्या पानांवर, तीस वर्षांच्या सगळ्या कार्डांवर जांभळी शाई. अकराशे कार्डं! एकेक फाडावं लागणार. एकेक शिक्का ओळखीचा — हा मी दोन कोस चालून आणलेला — फाडतोय —

१८ फेब्रुवारी, गुरुवार.
सकाळचे नऊ. बोटं सोलली. तारेला उत्तर नाही. खोलीभर तुकडे. परत परत येणारं ते कार्डही शेवटी फाटलेलंच राहिलं.

सगळी फाडली. एक सोडून. ते चुकीच्या तारखेचं, अक्का गेल्याचं. त्यावरही लीलाच. तीनदा हातात घेतलं, तीनदा ठेवलं. माझं मलाच कळत नाही. बायको का कागद? काय माणूस आहे मी —

खाली रिक्षा थांबली. लीलाचा आवाज. मला हाक मारतेय. तार मिळालीच नाही तर —

जिना चढतेय. बांगड्या वाजताहेत.

मध्येच थांबली. का थांबली —

कार्ड हातात आहे. फाडतो. आत्ता फाडतो. फक्त शिक्का एकदा शेवटचा नीट बघून घे—