झोपवून काढलेला ईसीजी

आक्कास, खंडाळ्याहून तुझ्या बायडाचा नमस्कार.

मी बरी हाय. आईचा गुडघा कसा हाय? फोनवर बोलले तर घरातली सगळी कान लावतात, म्हणून लिहितेय.

आमी कामाला जातो त्या बंगल्याच्या बाईंनी आमा दोघी जावांना लोणावळ्याला ईसीजी काढायला पाठवलं. नर्स म्हणाली, अंगावरचे दागिने काढून ठेवा. निर्मलाचं मंगळसूत्र दिरानं ओंजळीत धरलं, अंगारा धरल्यासारखं. माझं मी पदराला बांधलं. आमचे हे आलेच नव्हते, गाडी धुवायची होती म्हणे.

तिच्या ईसीजीत थोडं काहीतरी निघालं. आता ती खाटेवर बसून शहाळं पिते, सासूबाई उठू देत न्हाईत. मला तिचं वाईट वाटायला पायजे, पण न्हाई वाटत. माझा चांगला आला, म्हणून तिच्या वाटच्या चादरींची गाठोडीबी मीच चढावर वाहते. हे म्हणतात, "तुला काय धाड भरलीय?"

चढावर छाती आवळते, हात जड होतो. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, हा झोपवून काढलाय, आता पट्ट्याच्या मशीनवर तुम्हाला चालवून बघू. बरोबरच हाय. मला दिवसाढवळ्या आडवं व्हायला कधी मिळालं? पडल्या पडल्या काळीज गप्प बसलं.

मंगळवारी बोलावलंय. ह्यांना सांगितलं न्हाई, आपण होऊन विचारलं तर सांगीन. आईला म्हणावं, बायडाचा ईसीजी चांगला आला. तेवढंच सांग.

तू मात्र ये. चालताना पदराची गाठ सुटंल. मंगळसूत्र धरायला माझं कुणीतरी पायजे.

तुझी धाकटी,
बायडा