प्लगलाही विश्रांती लागते

२ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. विषय एकच, स्कूटर. बाकीचं आयुष्य जसं चाललंय तसं चालू दे.

कारण असं. हिला ग्रंथालयाच्या नव्या शाखेची प्रमुख नेमलंय. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढली, आता स्वतःची शाखा. पण शाखा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिकडे पहिली बस दहाला जाते आणि दार उघडायचं आठला. म्हणजे स्कूटर आली, म्हणजे लायसन्स आलं. टेस्ट एकवीस तारखेला. बावीसला साहेबांना हो की नाही ते कळवायचं. नाही म्हटलं तर जागा दुसऱ्या बाईंना.

मागच्या महिन्यात एक टेस्ट झाली. मैदानावर आठचा आकडा काढताना पहिल्याच गोलात स्कूटर बंद. नापास. ही तिथे काही बोलली नाही. घरी येऊन बोलली.

गॅरेजवाला म्हणतो, प्लग काळा पडलाय, नवा टाका. मी हसलो. काळा पडला म्हणून टाकायचा? हाच नियम लावला तर घरातली निम्मी भांडी जातील, आणि मीही. प्लग मी घरीच साफ करणार. हिला शब्द दिलाय की एकवीसला स्कूटर पहिल्या किकला सुरू होईल. हिने वर छताकडे पाहिलं. भावुक झाली असावी.

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७

प्लग काढला. पाना दोनदा निसटला. बोटांची सालं गेली, पण प्लग आला. टोकाला काजळी, वर तेलाचा थर. पेट्रोलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासला. सोपं काम आहे. लोक उगाच मेकॅनिकचे पाय धरतात.

संध्याकाळी. टूथब्रश जुना नव्हता. कन्येचा होता. कन्या म्हणते, तोंडातून अजून पेट्रोल पंपाचा वास येतोय. कॉलेजात कोणी जवळ बसेना म्हणे. अभ्यासाला एकांत चांगलाच.

५ फेब्रुवारी, बुधवार

पेट्रोल पुरेसं नाही. व्हिनेगर लागतं. काचेच्या वाडग्यात प्लग रात्रभर भिजत ठेवला. सकाळी व्हिनेगर चहासारखं दिसत होतं. ओट्यावर चहासारखं काही ठेवू नये हा धडा कन्येच्या पहिल्या घोटानंतर मिळाला. या मुलीचं नशीबच खडतर.

नंतर पॉलिश पेपरने घासला. टोकाच्या दोन दांड्यांतली फट बरोबर हवी, त्यासाठी पात्यांचं माप मिळतं. माझ्याकडे दोन व्हिजिटिंग कार्डं आहेत. एक विमावाल्याचं, एक दातांच्या डॉक्टरचं. दोन्ही एकत्र आत सरकली. इंजिनियर लोक अशा गोष्टी सांगत नाहीत, कारण मग त्यांना विचारेल कोण?

ठिणगी येते का ते पाहायला प्लग इंजिनाला टेकवून किक मारली. ठिणगी आली. चांगली सणसणीत. मला खांद्यापर्यंत कळली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

स्कूटर सुरू! कोपऱ्यापर्यंत गेली. येताना ढकलत आणली. उतार होता, त्रास नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ६

आज आंघोळ करताना सगळं लख्ख उमगलं. प्लग खराब होत नाही. प्लग थकतो. मिनिटाला हजारो ठिणग्या पाडायच्या म्हणजे थट्टा आहे का? त्याला विश्रांती लागते. आपल्याला रविवार असतो, त्याला कोण देतं?

तडक गॅरेजमध्ये गेलो. भंगाराच्या डब्यातून सात जुने प्लग मागून आणले. गॅरेजवाल्याला वाटलं, शोभेला हवेत. म्हणाला, साहेब, तुम्ही पेट्रोलमध्ये ऑइल दुप्पट घालता, म्हणून प्लग काळा होतो. मी म्हटलं, खाण्यापिण्यात मी कोणासाठी कधी हात आखडता घेतला नाही, स्कूटरसाठीही घेणार नाही. तो पाना उचलून दुसऱ्या गाडीकडे वळला. पटलं असणार.

अंड्यांच्या ट्रेमध्ये सात प्लग मांडले. प्रत्येकाखाली चिठ्ठी : सोमवार, मंगळवार, अशी रविवारपर्यंत. रोज एक कामावर, सहा आरामात. असं जगात कोणी केलं नसेल. हिने विचारलं, अंडी कुठे आहेत. मी म्हटलं, लहान विचार करू नकोस.

९ फेब्रुवारी, रविवार

हिचा सराव. मागे मी, शिकवायला. नऊ वेळा बंद पडली. नवव्यांदा हिने हेल्मेट काढून माझ्या मांडीवर ठेवलं आणि चालत घरी गेली. रविवारचा प्लग कमकुवत आहे. त्याच्या वारातच आळस.

रात्री जेवताना ही म्हणाली, फार शांतपणे म्हणाली, की ही शाखा मला हवी आहे. नुसती 'मिळाली तर बरं' अशी नाही, हवी आहे. आणि नवा प्लग टाका. मला कसंतरीच झालं. ही कधी काही मागत नाही. तिथल्या तिथे ठरवलं की प्लग आणखी जोरात घासायचे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी मंगळवारचा प्लग बसवला. संध्याकाळी ही आणि कन्या स्कूटर घेऊन भाजी आणायला गेल्या. कन्येला लायसन्स आहे, म्हणून परवानगी दिली. भाजीला दीड तास लागला. परत आल्या तेव्हा हिच्या हाताला ग्रीस, आणि भाजी नाही. विचारलं तर म्हणाली, बाजारात काही चांगलं नव्हतं. ग्रीसचं विचारायचं राहिलं. पेट्रोलही हिनेच भरून आणलं. संसारात लक्ष घालते, चांगलं आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चमत्कार. पहिल्या किकला सुरू! धूर नाही, खोकला नाही. आज खरं तर बुधवारचा प्लग लावायचा, पण मंगळवारच्याला हात लावायचा धीर होईना. मुदतवाढ दिली. एवढा मान एखाद्या प्लगला मिळाला नसेल. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. हिशेबनीस म्हणाला, वा. आणि फायलीत डोकं घातलं. हेवा माणसाला असा खाली वाकवतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

तिसरा दिवस, स्कूटर गाण्यासारखी चालतेय. हिने मैदानावर सलग सहा वेळा आठचा आकडा काढला. पाय एकदाही टेकला नाही. मी म्हटलं, श्रेय प्लगला आहे. ही म्हणाली, अगदी खरं आहे. इतक्या वर्षांत माझं म्हणणं पहिल्यांदाच इतकं पटकन मान्य झालं. कन्येला मात्र तेव्हाच ठसका लागला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कीर्ती पसरली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर आपली मोपेड घेऊन आले. चालू स्थितीतली. म्हणाले, जरा किक जड जाते, बघता का. बघितलं. घासला, भिजवला, परत घासला. विमावाला आणि दातांचे डॉक्टर दोघांनाही फटीत घातलं. पोस्टमास्तर हात जोडून गेले. दारावर पाटी लावावी का? 'प्लग दवाखाना. वेळ सकाळी ७ ते ८.' हिला विचारलं. म्हणाली, टेस्ट होऊ दे. म्हणजे तत्त्वतः होकार.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पोस्टमास्तर जिन्यात भेटले. पायी होते. व्यायामाचं महत्त्व पटलेलं दिसतं. मी हसलो. ते हसले नाहीत. चालून दम लागला असेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पोस्टमास्तरांची मोपेड गॅरेजमध्ये उभी दिसली. कोणीतरी प्लग तिरका आवळून इंजिनाचे आटे घालवले म्हणे. आजकाल काम शिकलेली माणसं राहिली नाहीत.

२० फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ७

उद्या टेस्ट. ही आतल्या खोलीत खुर्चीवर बसून हवेतल्या हवेत हँडल वळवते आहे. मी दिसताच केस नीट केल्यासारखं केलं. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

मी खाली जाऊन मंगळवारचा प्लग तपासायला काढला. आणि पाहतच राहिलो. टोक पांढरंशुभ्र, कडा कोऱ्या, बाजूची छापील अक्षरंसुद्धा सुबक वाचता येतात. हे माझ्या हातांनी केलं! डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज कसली.

पण मग विचार केला. या बिचाऱ्याने दहा दिवस एकट्याने गाडा ओढला. विश्रांती शून्य. उद्या ऐन आठच्या आकड्यात थकला तर? उद्या वार शुक्रवार. शुक्रवारचा प्लग तेरा दिवस लोळत पडलाय, कसा ताजातवाना असेल. तत्त्व म्हणजे तत्त्व. मंगळवारला ट्रेमध्ये झोपवलं आणि शुक्रवारला कामावर घेतलं. हिला सांगितलं नाही. आधीच टेन्शनमध्ये आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

जसं घडलं तसं लिहितो.

मैदानापर्यंत स्कूटर गेली. वाटेत दोनदा खोकली. हिने वळून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, थंडी आहे. नंबर आला. ही निघाली, पहिला गोल सुरेख. दुसऱ्या गोलात फट् असा आवाज आला आणि स्कूटर बंद. हिने किक मारली. एक, दोन, पाच. धूर. इन्स्पेक्टरांनी पेन काढलं.

ग्रंथालय, बावीस वर्षं, त्या दुसऱ्या बाई, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. पुढे होऊन सांगणार होतो की चूक प्लगची आहे. पण आधी खिशात रुमालच शोधत राहिलो.

ही मात्र उतरली. इन्स्पेक्टरांना म्हणाली, पाच मिनिटं द्या. स्कूटरची डिकी उघडून पाना काढला. बाही वर केली. प्लग काढला, एकदा पाहिला, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पर्समधून छोटी डबी काढली, तीतून कोरा प्लग. आधी हाताने फिरवून सरळ बसवला, मग पान्याने आवळला. सगळं मिळून चार मिनिटं. एकदाही पाना निसटला नाही. एका किकला सुरू.

आठचा आकडा पुरा केला. पास.

इन्स्पेक्टर म्हणाले, बाई, कुठे शिकलात हे? ही म्हणाली, गॅरेजमध्ये. लोकांपुढे नवऱ्याचं कौतुक करायला लाजली, असं मला वाटलं.

घरी येताना मागच्या सीटवर बसून विचारलं. ही हँडलवरची नजर न हलवता बोलत होती. भाजीच्या दिवशी दोघी गॅरेजमध्ये गेल्या होत्या. गॅरेजवाल्याने नवा प्लग हिच्याच हाताने तीनदा काढायला आणि बसवायला लावला. गेले दहा दिवस तोच होता. मग पर्समध्ये दुसरा कशाला, मी विचारलं. ही म्हणाली, लग्नाला चोवीस वर्षं झाली, तुम्हाला ओळखते.

पुढचे दोन सिग्नल मी दुकानांच्या पाट्या वाचत आलो.

पण लिहून ठेवतो, कारण इथे कोणी वाचत नाही. तिथे मैदानात बाही वर करून बसलेली ही मला फार आवडली. इतर उमेदवार बघत होते. एकाला मी म्हटलं, मिसेस आहेत माझ्या. त्याने विचारलं नव्हतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हिने साहेबांना 'येते' असं कळवलं. फोन ठेवून ही स्वयंपाकघरात एकटीच हसत उभी होती.

दुपारी शांतपणे विचार केला. माझा सिद्धांत चुकलेला नाही. नवा प्लग म्हणजे तरी काय? कारखान्यातून निघाल्यापासून अखंड विश्रांती घेतलेला प्लग. कन्येला समजावून सांगितलं. ती म्हणाली, बाबा, तुम्ही पण घ्या.

२ मार्च, रविवार

पोस्टमास्तरांच्या इंजिनाची दुरुस्ती झाली. प्लग तिरका आवळणारा मीच, हे मैदानात हिला तो आधी हाताने सरळ फिरवताना पाहून कळलं होतं, म्हणून माफी मागायला गेलो. ते मोठ्या मनाने म्हणाले, होतं असं. बोलताना मोपेड आणि मी यांच्या मधोमध उभे होते.

उद्यापासून ही नव्या शाखेत. मी हिला सोडायचं आणि तिथून ऑफिसला जायचं, असा बेत आखलाय. पहिल्याच दिवशी बायको एकटी कशाला?

३ मार्च, सोमवार. सकाळी सव्वासात

हिचं लायसन्स शनिवारीच पोस्टाने आलंय. निघताना प्लास्टिकच्या पाकिटात घालत होती. माझंही मागितलं, दोन्ही एकत्र ठेवते म्हणाली. दिलं. हिने पाकिटात घालता घालता उलटून पाहिलं. बावीस वर्षं पुस्तकांच्या परतीच्या तारखा तपासल्यात, हात आपोआप तारखेवरच जातो. माझं लायसन्स संपून चौदा महिने झालेत. वर्षावर गेलं की नुसतं नूतनीकरण होत नाही, पुन्हा टेस्ट द्यावी लागते. हे हिला माहीत होतं. मला नव्हतं.

म्हणजे मलाही आठचा आकडा. त्याच मैदानात. त्याच इन्स्पेक्टरांपुढे.

ही हेल्मेट घालत म्हणाली, दर रविवारी सराव करून घेईन, स्कूटरही देईन. अट एकच, प्लगला हात लावायचा नाही.

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

म्हणाली, करा, सावकाश करा. तुमच्या ऑफिसची बस सव्वाआठला आहे.