म्हातारा ते बोललाच नव्हता

सर, तुम्ही आम्हाला त्या सिनेमातलं एक वाक्य खोटं सांगितलंत. हे मला इतक्या वर्षांनी कळलं, परवा दुपारी, तामलवाडीत हायवेला माझं पंक्चरचं शेड आहे तिथं. तुम्हाला जाऊनही आठ वर्षं झाली, मग विचारायचं कुणाला, म्हणून लिहितोय.

शनिवारी दुपारी कॉलेजात केमिस्ट्रीच्या गॅलरीच्या वर्गात काळे पडदे ओढून तुम्ही सिनेमे दाखवायचात. खालची इंग्रजी अक्षरं आम्ही वाचेपर्यंत पुसली जायची, म्हणून तुम्ही पडद्याशेजारी उभं राहून सगळ्यांचं बोलणं आपल्या भाषेत सांगायचात. गोरी बाई दार उघडून "कोन हाय?" म्हणायची आणि आम्ही बाकं वाजवायचो. त्या शनिवारी काळ्या-पांढऱ्या सिनेमात समुद्राकाठचा एक म्हातारा होता. तरुणपणी एका बाईला चारचौघांत वाटेल ते बोलून निघून आलेला, आणि आता तिच्या दारात जायचं म्हणून शर्टाला इस्त्री करत बसलेला. मी त्या दिवशी नुसता पेटलेला होतो. जिच्यावर माझा जीव होता, तिनं दुसऱ्या पोराची वही घेतली म्हणून दोन दिवसांपूर्वीच मी तिला कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर नको ते बोललो होतो. ती पुढच्या बाकावर होती, एकदाही मागं न बघता. "सर, ह्येची इस्त्री कवा व्हायची?" मी ओरडलो. पोरं हसली. तुम्ही म्हणालात, "गप बस. त्याला जायची भीती वाटतीय." मग म्हातारा तिच्या दारात उभा राहतो, त्याचे ओठ हलतात, आणि तुमचा आवाज येतो, "चुकलो गं. लई उशीर झाला, पण चुकलो, एवढंच सांगायला आलोय."

मला वाटलं, म्हणजे घाई नाही. म्हातारपणीसुद्धा जमतं. पुढच्याच आठवड्यात मी त्या वहीवाल्याचं नाक फोडलं आणि कॉलेज सोडलं.

गेल्या महिन्यात मी जळकोटला गेलो. ती तिथं एका दवाखान्यात नर्स आहे. तिचं लग्न ठरलंय असं मी दर वर्षी ऐकतो आणि दर वर्षी दोन दिवस जेवत नाही. ती बाहेर आली. चष्मा लागलाय. "तू? इकडं कुठं?" मी म्हणालो, "टायर टाकायला आलतो." "बरं," म्हणाली, आणि रांगेतल्या म्हातारीला हाताला धरून आत घेऊन गेली. येताना ठरवलं, तो सिनेमा शोधायचा. म्हातारा कसा बोलतो, मान खाली घालून का तोंडाकडं बघून, ते बघायचं आणि तसंच्या तसं जाऊन बोलायचं.

परवा फोनवर सापडला. एक टँकरवाला चाक काढायला थांबला होता. "काय बघतोस रे? म्हातारं धुणं धुतंय व्हय?" "इस्त्री करतंय." तो शेजारी टेकला. थोड्या वेळानं म्हणाला, "आरं, कॉलर चौथ्यांदा करतंय. बाईकडं निघालंय बघ." चाक तयार होतं, पण दोघंही उठलो नाही. तुमच्या आवाजाखाली जे दबलं होतं ते मला आत्ता ऐकू आलं: इस्त्रीखाली ओल्या कापडाचं चरचरणं, लांबचा समुद्र, म्हाताऱ्याचा श्वास. कॅमेरा जागचा हलत नाही. तेव्हा कंटाळा आला होता, आता वाटत होतं, कुणीतरी ह्याला दंडाला धरून उठवा. मग ते दार आलं. मी थांबवून थांबवून अक्षरं वाचली. ती विचारते, का आलास? तो म्हणतो, इकडनं चाललो होतो. ती पाणी देते. तो पितो, पेला परत देतो आणि जातो. ती दार लावत नाही, तो वळत नाही. तीनदा मागं नेऊन बघितलं. टँकरवाला फोनमधल्या म्हाताऱ्यावर खेकसला, "आरं बोल की गाढवा!"

मग ते वाक्य आलं कुठनं, सर? कॅन्टीनमधलं तुमच्या कानावर आलं होतं म्हणून माझ्यासाठी घातलंत? का तुम्हालाच कुणाच्या दारात ते बोलायचं राहिलं होतं? तुमच्याबद्दल आम्हाला खडू आणि डबा सोडून काही माहीतच नव्हतं. पण खरं सांगू, तुमच्या वाक्यानं मला नऊ वर्षं निवांत ठेवलं. म्हातारा बोलला असता तर मी फोन खिशात घालून चाक बसवलं असतं. न बोलता गेला, तेव्हापासून कामात हात चालत नाही. ह्यावर तुमच्याशी भांडावंसं वाटतं, आणि भांडायला तुम्ही नाही.

जळकोटला परत जाईन का, माहीत नाही. त्याआधी एक तुम्हाला सांगायचंय, हे पत्र कुठं टाकता येत नसलं तरी. कॉलेज सोडल्यावर तुम्ही एसटीनं आमच्या घरी आलात. आई म्हणाली, "त्यो शेतात गेलाय, सर." तुम्ही ऊन उतरेपर्यंत ओट्यावर बसून राहिलात. "परीक्षेला बस म्हणावं त्याला," एवढं सांगून गेलात. मी शेतात नव्हतो. मधल्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांमागं बसून तुमचं खोकणं ऐकत होतो. शेतात गेलाय म्हणून सांग, असं आईला मीच सांगितलं होतं.