मराठीचा गट

१२ मार्च २००८, सकाळी ११.२०
चेन्नईत, तिरुवल्लिकेणीच्या आमच्या वाचनालयातल्या संगणकावरून तो सांभाळणाऱ्या कृष्णस्वामीने मराठी काढून टाकली. मला न विचारता! दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावू नये, हे आम्हाला कॉन्व्हेंटात पहिल्याच वर्षी शिकवत.

संगणकाच्या या लिनक्स प्रणालीवर सगळं गटांनी बसतं म्हणे — छपाईचा गट, खेळांचा गट, एकेका भाषेचा गट. गट काढला की त्या भाषेचे फॉन्ट, टायपिंग, सगळं एका फटक्यात जातं. कृष्णस्वामी म्हणतो, "डिस्क भरली होती, मॅडम." खेळ मात्र जागेवर आहेत.

अकराशे चाळीस मराठी पुस्तकांची यादी. दोन वर्षं मी टाइप केली. पडद्यावर आता नुसते चौकोन.

१३ मार्च
आज तमिळही टाइप होईना. टायपिंगचा प्रोग्रॅम दोन्ही गटांत सामाईक — मराठीबरोबर तोही गेला. धावाधाव. दुपारपर्यंत तमिळ परत.
"आणि मराठी?"
"बघू, मॅडम."
तीस वर्षं शिकवलं. 'बघू' म्हणणाऱ्याला मी बाकावर उभं करत असे.

१७ मार्च
ट्रस्टी पाहणीला आले. यादी उघडली. त्यांच्यातल्या विद्यालक्ष्मीबाई म्हणाल्या, "ही तर कुणालाच वाचता येणार नाही." ३१ तारखेला बैठक. मराठीची दोन्ही कपाटं जॉर्ज टाउनच्या गोदामात टाकायचा विचार आहे. तिथे वाळवी आहे.

२० मार्च
कृष्णस्वामीला फैलावर घेतलं. त्याने गट परत बसवला. दहा मिनिटं! यादी जशीच्या तशी, एक अक्षर हललं नव्हतं.

"आता कपाटं राहतील ना?"
तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, गट म्हणजे नुसती नावांची यादी; ती परत आणता येते, वाचक नाही. काढण्याआधी मी पाहिलं होतं. मराठी वापरणारं एकच माणूस. रजिस्टर बघा हवं तर."

बघितलं. दोन वर्षांत मराठी पुस्तक नेल्याची सही एकाच बाईची. माझी.

कृष्णस्वामीवर आता रागावताही येत नाही.

२१ मार्च
बेचाळीस मराठी सभासदांना पत्रं लिहिली — पुस्तकं न्यायला येणार की नाही? पहिलं घरातच, श्रीनिधीच्या हातात दिलं. माझाच मुलगा. कागद उलटसुलट करून म्हणाला, "आई, मला हे वाचता येत नाही. इंग्लिशमध्ये दे ना."

त्याला मराठी वाचायला शिकवायचं होतं ते मीच.

इंग्लिशमध्ये लिहून दिलं. पत्रातली मुदत मात्र बदलली नाही. उत्तर लेखी हवं, २९ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत.