पांढरा पडलेला तुकडा

गुरुवार, दिवेलागण. शिरोळ

शाळेत कविता म्हणून घेताना गुरुजी टेबलावर पट्टीनं ताल धरायचे, ती टकटक आज मळ्यात उगाचच कानात घुमत राहिली. मातीवरच्या कविता आम्ही तोंडपाठ केल्या आणि उसाला मात्र पाणी पाजत सुटलो. आम्ही कसले, मीच. आता खालचा अर्धा एकर मीठ फुटून पांढरा पडलाय.

लेक सुनंदा म्हणते, "आप्पा, जमिनीखालनं पाईप घालून खारं पाणी ओढ्याला काढूया. माती सुधारंल की." पण पाईप जायचा शेजारच्या बाळगोंडाच्या रानातून. सकाळी त्याला विचारलं.

"तुमचं खारं पाणी माझ्या रानात फुटलं म्हंजे? न्हाय जमायचं, आप्पा."

त्याचं भिणं खोटं नाही. पण पाईप नाही, तर तो तुकडा माझ्या डोळ्यांदेखत मरणार.

दुपारी तिथंच जाऊन बसलो. सुनंदानं हिरवळीच्या खतासाठी टाकलेला धैंचा त्या पांढऱ्यातही वीतभर उगवलाय. इतका छळ सोसून ही माती अजून काही देते! नकळत हात जोडले गेले. कविता म्हणताना असं कधी वाटलं होतं का? नसावं.

इथवर लिहिलं आणि दारात हाक आली. बाळगोंडाची आई! गुडघ्यांपायी वर्षभर घराबाहेर न पडलेली म्हातारी, धापा टाकत उभी.

"पोरगं न्हाय म्हणालं व्हय, आप्पा? रान अजून माझ्या नावावर हाय की. बोला, पाईप कवा घालताय?"